मडक्यातले बारा खडे

अण्णा,

एक गोष्ट विचारायची राहून गेली. तुम्ही होतात तेव्हा विचारता आली असती, पण वडिलांना खोदून विचारू नये असं वाटायचं. आता हे कुठं पाठवायचंच नाही, तेव्हा विचारते.

मी सातवीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला जीपमधून पिशोरच्या पुढच्या एका वस्तीवर नेलंत. परदेशी मदतीतून तिथं पिण्याच्या पाण्याची बोअर चालली होती आणि तुम्ही त्या कामावर ओव्हरसियर. मी कॉन्व्हेंटचे पांढरे मोजे घालून धुळीत उभी. जितके रॉड खाली जातील तितकं ठेकेदाराचं बिल, म्हणून तुमची एक पद्धत होती. गावातल्या एका बाईला मशीनजवळ बसवायचं आणि रॉड खाली गेला की तिनं मडक्यात खडा टाकायचा. त्या दिवशी एक धनगर आजी बसल्या होत्या. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पंधरा. मडक्यात निघाले बारा. तो हसला. "साहेब, म्हातारीचं काय ऐकता? तिला दहाच्या पुढं मोजता येत नाय."

"नाय येत, म्हणून तर खडे टाकले," आजी म्हणाल्या. "तुला येतं ना? मंग पंधरा कसं आलं?"

तुम्ही बारा लिहिलेत. पाणी अजून लागलं नव्हतं, आणि ठेकेदारानं रागानं मशीन ट्रकवर चढवून नेलं. परतताना मी विचारलं, "आता यांना पाणी कोण देणार?" तुम्ही म्हणालात, "गप्प बस." असं तुम्ही मला कधी बोलत नव्हतात. शहरातलं आपलं औरंगपुऱ्यातलं घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

निवृत्तीनंतर मीही अशाच एका परदेशी मदतीच्या पाणीयोजनेसाठी काम करते. कामात खाबूगिरी शिरू नये म्हणून काय करायचं, ते पहिल्या दिवसापासून आराखड्यातच बसवायचं, हे माझं काम. आम्ही गावोगाव तक्रारपेट्या लावल्यात. गंगापूरकडच्या एका गावातली पेटी कायम रिकामी. मागच्या आठवड्यात तिथल्या एका बाईनं मला स्वयंपाकघरात बसवून हळूच सांगितलं, की पाइप ठरल्यापेक्षा उथळ पुरलेत. मी म्हटलं, लिहून द्या.

"लिहून दिलं की चौकशी लागणार, काम बंद पडणार. मंग पाणी तुम्ही आणून देता व्हय, ताई?"

तिचं खरं आहे. तक्रार आली की चौकशी संपेपर्यंत निधी थांबतो, असाच आमचा नियम आहे.

उद्या अहवाल द्यायचा आहे. तिचं नाव न घेता मी तक्रार लिहिली आहे, आणि चौकशी चालू असतानाही काम थांबू नये, अशी अट आराखड्यात घाला, असंही लिहिलं आहे. वरच्यांनी ते मानलं नाही, तर त्या बाईच्या दारातला नळ माझ्यामुळे कोरडा राहील. म्हणून विचारते. त्या वस्तीवर मशीन परत आलं का? त्यासाठी तुम्ही कुणाच्या कचेरीत खेटे घातलेत का? आजींनी नंतर तुम्हाला शिव्या दिल्या, की चहा दिला?

प्रशिक्षणात मी तुमच्या खड्यांची गोष्ट नेहमी सांगते. पुढं काय झालं, असं कुणीतरी विचारतंच. मी सांगते, आठवड्यात मशीन परत आलं, पाणी लागलं. लोक खूश होतात. अण्णा, तो शेवट मी माझ्या मनानं जोडलाय.