डुलकी की झोप

अब्बा, आज दुपार उतरल्यावर असरच्या नमाजेआधी मी तीनदा हात-तोंड-पाय धुऊन वजू केला. दुपारचा वजू टिकून होता, पण ऑफिसमधून येताना मेट्रोत बसल्या बसल्या डोळा लागला, आणि पाठ सीटला टेकली होती की नव्हती ते काही केल्या आठवेना. घरी येऊन एकदा केला असता तरी पुरे होतं. मग कोपर कोरडं राहिल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा केला. तिसऱ्यांदा का केला, ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. अम्मी उर्दूच वाचते, भाऊ तर इंग्रजीशिवाय काही वाचत नाही. तुम्ही शिकवलेली ही मराठी अक्षरं या घरात आता माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून मराठीतच लिहिते आहे.

मी नऊ वर्षांची असेन. काचीगुड्याच्या मराठी शाळेत मुलांना गणित शिकवायला जाण्याआधी तुम्ही मला स्वयंपाकघरात चटईवर घेऊन बसायचात. आधी कुराणाची उजळणी, मग बाराखडी. एक दिवस मी मधेच उठून मोरीकडे निघाले. ‘आता कितव्यांदा?’ तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, झोप लागली होती, वजू गेला. ‘मी आत्ता काय म्हणालो?’ ‘कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, असं अम्मीला विचारलंत.’ तुम्ही हसलात. ‘सगळं ऐकू येत होतं, मग झोप कसली? ही डुलकी. मांडी घालून ताठ बसलेली आहेस, कशाला रेललेली नाहीस. वजू शाबूत आहे.’ मी तरी नळ सोडलाच, तेव्हा अम्मी चुलीपासून ओरडली, ‘हौ, पूरा हुसैनसागर खाली कर दे तू! बाप-बेटी मिलके पानी का जनाजा निकालो!’ मग तुम्ही मला नीट समजावलंत. आडवं होऊन झोपलं तर वजू जातो. ज्याला टेकलो ते काढून घेतल्यावर आपण पडणार असू, तरी जातो. ‘झोप नापाक नाही गं. झोपेत माणसाला स्वतःची खबर राहत नाही, एवढंच. अंग सैल पडतं, वारा सरला तरी कळत नाही.’ आणि मग जरा कडक आवाजात, ‘नुसत्या शंकेने वजू तुटत नाही. शंकेला रोज पाणी घालशील तर ती वाढेल.’ ती वाढलीच, अब्बा.

तुमच्या आजारपणातली ती दुपार. तुम्ही पलंगावर तक्क्याला टेकून बसला आहात, असरची वाट बघत. वजू मीच करवला होता: धरून मोरीपर्यंत नेणं, स्टुलावर बसवणं, पाय धुणं, परत आणणं, पाऊण तास गेला होता. अजान झाली तेव्हा तुम्ही दचकून डोळे उघडलेत. अम्मी शेजारीच होती, पण तुम्ही तिला विचारलं नाहीत. म्हणालात, ‘ती माया करेल, तू खरं सांगशील. मला झोप लागली होती का?’ तुमचं तोंड उघडं पडलं होतं. तुम्ही घोरत होतात. तक्क्या काढला असता तर तुम्ही सरळ आडवे झाला असता. मी म्हटलं, ‘नाही अब्बा. डुलकी होती.’ तुम्ही मान हलवलीत आणि बसल्या जागी नमाज पढलात. सूर्य मावळून मगरिब व्हायच्या आधीच तुमची शुद्ध हरपली, तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. शुद्ध परत आलीच नाही. म्हणजे ती तुमची शेवटची नमाज, आणि ती माझ्या शब्दावर उभी आहे.

गेल्या महिन्यात मी धीर करून बायकांच्या दर्सला दीन शिकवायला, धर्माचे नियम सांगायला येणाऱ्या उस्तानींना विचारलं. नाव तुमचं घेतलं नाही, ‘एका ओळखीच्या घरात असं झालं’ म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं. ‘उनो पूछ लिये ना? बस. उनकू मालूम नहीं था, उनपे कुछ नहीं. उनका उनो कर लिये, अम्मा. तुम्हारा तुम देखो.’ पहिल्या वाक्याने मी रडले. शेवटच्या वाक्यापासून मला चैन नाही. तुम्ही सुटलात, मी अडकून राहिले. मेट्रोत तेव्हापासून मी उभीच राहते, जागा असली तरी; आज थकून बसले, एवढंच. बसले की डोळा लागतो, आणि डोळा लागला की तुम्ही विचारता.

उस्तानींना मी म्हटलं होतं, पाणी गार होतं, आजारी माणसाचे हात थरथरत होते, दया आली म्हणून कुणी खोटं बोललं. त्या म्हणाल्या, दया असेल तर अल्लाह माफ करणारा आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा इथे तरी खरं लिहिते. गिझर चालू होता, अब्बा. पाणी गार नव्हतं. खाली माझी मैत्रीण स्कूटर घेऊन थांबली होती, दोनदा हॉर्न वाजवून झाला होता, आणि मला हिमायतनगरला जाऊन पायाला घट्ट होणाऱ्या चपला बदलून आणायच्या होत्या.