लॉर्डसाहेबांचा हार

२५ सप्टेंबर २००९, देरा, दुबई
अखेर आमचं स्वतंत्र घर! मंदीत भाडी उतरली आणि शेअरिंगच्या खोलीतून सुटून मी, निनाद आणि सहा वर्षांची इरा खाडीजवळच्या फ्लॅटमध्ये आलो. आधीचा भाडेकरू इंग्रज मॅनेजर. नोकरी जाताच सामान टाकून पळाला म्हणे. हॉलमध्ये त्याने मागे टाकलेलं एक व्यंगचित्र राहिलंय, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला कुणी लॉर्ड, पार्लमेंटातला बडा पुढारी. भोपळ्याएवढं डोकं, काड्यांसारखे पाय, तोऱ्यात वर केलेली हनुवटी. मला जाम आवडलं. निनाद म्हणाला, आमचा जीएम अस्साच दिसतो.

२८ सप्टेंबर, दसरा
झेंडूचे हार दाराला, लॅपटॉपला, गाडीला. एक उरला, तो गंमत म्हणून लॉर्डसाहेबांना घातला. इराने नमस्कारसुद्धा केला. शेजारच्या सुरैय्याभाभी, रत्नागिरीच्या, डबा घेऊन आल्या नि थबकल्या. "तुमच्यात गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात ना? मग हे तुमचे कोण?"
मी हसले खरी, पण मनात चर्र झालं. संध्याकाळी काढू म्हटलं, ते राहूनच गेलं.

९ ऑक्टोबर
हार अजून टवटवीत आहे. निनादच्या पँटी ढगळ झाल्यात, कॉलरचं बटण लागत नाही. ऑफिसचं टेन्शन, म्हणतो. तेही इंग्रजीत, माझ्याशी! चित्रातले पाय मात्र भरल्यासारखे वाटतात. शी, काहीतरीच माझं.

१४ ऑक्टोबर
चित्रातल्या माणसाच्या कानाखाली तीळ आलाय. निनादचा तीळ. हार ओढला, निघेना. चित्र खिळ्यावरून हलेना. निनाद मागे येऊन उभा राहिला, हनुवटी वर करून. "लीव्ह इट," एवढंच म्हणाला. त्याच्या कानाखाली तीळ नाही.

१६ ऑक्टोबर
भाभी म्हणतात, इराला घेऊन आमच्याकडे या. कशी जाऊ? माझा नवरा भिंतीवर आहे. आणि डायनिंग टेबलाशी जेवतोय तो—

१७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
हार सुकला! आपोआप गळतोय. एकेक फूल पडतं तसा निनाद चित्रातून पुढे सरकतोय. ओठ हलले. "अनुपमा," म्हणाला, माझंच नाव. देवा, एवढा हार गळू दे—

दार वाजलं. तो आलाय. हातात झेंडूचा ताजा हार. मला नाही दिला, इराला दिला—

उठायला जाते तर पाय— काड्या झाल्यात पायांच्या— आवाजही फुटत नाही—

इरा चित्राखालच्या खुर्चीवर चढली. नमस्कार करतेय. इरा, बाबा आहेत गं ते, हार नको घा—