हिरवी ओळ

७ जुलै, सोमवार

नोकरी लागली! ही टिकवायची असं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, म्हणजे पळून जाताना निदान लाज तरी वाटेल. वाशीम सोडल्यापासूनचं हे सातवं काम. आयटीआय अर्धवट. घोटावड्याच्या कारखान्यात चार महिने. मग हिंजवडीत कंपनीची कॅब. ट्रॅफिकमध्ये बसून बसून पायाला मुंग्या यायच्या म्हणून तीही सोडली. आता खुर्ची, पंखा, चहा.

भुकूमच्या पुढे, फर्निचरच्या दुकानावर आमचं एकसूत्र केंद्र आहे. खालच्या पॉलिशचा वास वर येतो. मला आवडतो तो वास. वाशीमला आमच्या शेजारी एक सुतार होता, त्याचं एक कुत्रं... जाऊ दे, कुठं चाललो मी.

तर काम असं. मुळशीत डोंगरउतारावर ज्या धोक्याच्या वाड्या आहेत, तिथल्या प्रत्येक माणसाची संगणकात एक ओळ. माणूस धोक्यात असेल तर ओळ लाल, सुरक्षित जागी हलवला की हिरवी. ती ओळ पोलीस, अग्निशमन, अँब्युलन्स, वीजवाले, सगळ्यांना एकाच वेळी दिसते. पूर्वी म्हणे एका खात्याचं दुसऱ्याला कळायचं नाही. आमचे प्रमुख शैलेश सर म्हणाले, ओळ हिरवी करायला दोन ऑपरेटरांच्या मोबाइलवर आलेले दोन आकडे लागतात, आणि एकदा हिरवी झाली की तिला कुलूप. म्हणून मोबाइल जिवापाड जपायचा.

मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

८ जुलै, मंगळवार

जिवापाड जपायचा मोबाइल इथं बिस्किटांच्या डब्यात ठेवतात!

पत्र्याचा मोठा डबा, झाकणावर मांजराचं चित्र. सकाळी आलं की प्रत्येकानं आपला मोबाइल लॉक काढून त्यात टाकायचा. कुणी जेवायला गेलं, कुणी पोराला शाळेतून आणायला गेलं, तरी आकडा आला की जागेवर असेल तो वाचतो. ही पद्धत नलिनीताईंची. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या ऑपरेटर. मी जरा घुटमळलो तर म्हणाल्या, अरे भटक्या, तुझ्या मोबाइलमध्ये असं काय सोनं आहे? सगळे हसले. मीही हसत टाकला. वर त्यांनी मला थालीपीठ दिलं, लोण्याचा गोळा ठेवून.

खरं सांगायचं तर डबा माझ्या सोयीचाच आहे. दुपारी तासभर भटकून आलो, काम कुठं अडलं नाही.

१२ जुलै, शनिवार

उंबरदांडला जाऊन माणसं मोजून आलो. एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून दीड तास चाल, मध्ये ओढ्यावर एक मोरी, म्हणजे छोटा पूल. सात घरं, एकतीस माणसं. अर्धा दिवस मोजण्यात जायला हवा होता, तो खेकडे धरण्यात गेला. भिवाजी म्हातारा दगडाखाली हात घालतो आणि न बघता सांगतो, नर हाय का मादी. माझं बोट एकानं धरलं तेव्हा त्याची बायको रंभाबाई म्हणाली, सरकारचा माणूस धरला म्हणायचा, आता सोडू नगं त्याला! खेकड्याचा रस्सा लई झणझणीत होता.

जेवल्यावर भिवाजीनं घरामागं नेलं. उतारावर भेग पडलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रुंदी बोटभर. रंभाबाईनं विचारलं, हे खाली आलं तर आमी कळवायचं कुणाला? मी तिच्या बटणांच्या फोनमध्ये केंद्राचा नंबर घालून दिला. म्हणालो, मावशी, फोन करा, पथक येईल, मी बसलोय ना तिथं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

एकतीस लाल ओळी भरल्या. आयुष्यात पहिल्यांदा काही तरी पुरं केलं.

१७ जुलै, गुरुवार

काम नव्हतं म्हणून संगणकात इकडेतिकडे बोटं घालत बसलो. 'दुबार' नावाचा कप्पा सापडला. ज्यांची ओळ हिरवी आहे त्यांचा फोन आला तर तो वाजतच नाही, रेकॉर्ड होऊन परस्पर तिथं पडतो. हलवलेला माणूस कशाला मदत मागेल, असा हिशेब.

मागच्या वर्षीचे त्रेचाळीस फोन होते. एकाच नंबरवरून. मी तीन ऐकले. एक बाई सांगत होती की आमी हितंच हाय, आमाला कुनी नेलं न्हाई. दुसऱ्यात तेच, पण घाईनं. शेवटच्यात बाई नव्हती. नुसता गडगडाट, बराच वेळ, मग काही नाही.

नलिनीताईंना विचारलं. म्हणाल्या, चाचणीचे आहेत ते. आणि स्वतः उठून माझ्यासाठी चहा आणला. आजवर कधी आणला नव्हता.

२२ जुलै, मंगळवार

पाच दिवस पाऊस हटलेला नाही. शुक्रवारी वरून पाहणी आहे. शैलेश सर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, एवढा लाल रंग बरा दिसत नाही.

रंभाबाईचा फोन आला. भेगेत आता मूठ जाते. मी पथकाची मागणी टाकली. तिला सांगितलं, उद्या-परवा येतील.

२४ जुलै, गुरुवार

दुपारी खाली सुतारकाम बघत बसलो होतो. वर आलो तर उंबरदांड हिरवं.

एकतीसच्या एकतीस. 'शाळेत हलवले. जेवण दिले.' दोन आकडे लागलेले. एक नलिनीताईंचा. दुसरा माझा.

पथकाची मागणी आपोआप रद्द.

नलिनीताई मान वर करेनात. म्हणाल्या, पाहणी होऊ दे, मग बघू. मी ओरडलो. तेव्हा हळूच म्हणाल्या, आरडाओरडा करून तूच अडकशील, आकडा तुझा आहे.

ज्या बाईनं मला थालीपीठ खाऊ घातलं—

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी ती शाळा बघून आलो. कुलूप. पायरीवर शेळी बसलेली.

तीन खात्यांना फोन केले. तिघांनी पडद्यावर बघून एकच वाक्य सांगितलं, ती माणसं सुरक्षित आहेत. शाळा बंद आहे म्हणालो, तर तुमच्या केंद्राकडून तसं कळवा म्हणाले. केंद्र म्हणजे शैलेश सर. ते पाहुण्यांना हिरवा पडदा दाखवत होते.

'दुबार'मध्ये आज नऊ फोन. सगळे रंभाबाईचे. पहिल्यात ती माझं नाव घेते.

संध्याकाळी नलिनीताई मला जिन्यात गाठून रडल्या. त्यांनीच वाट सांगितली. कर्मचारी धोक्याच्या जागी गेला की त्याची वेगळी लाल ओळ होते, आणि कर्मचाऱ्यासाठी पथक काही विचारत नाही, निघतंच. म्हणाल्या, तू वर जा, मी तुझी ओळ लाल करते आणि वाडीचं कुलूप काढते. कुलूप काढायलाही दोन आकडे लागतात.

म्हणून मोबाइल डब्यात ठेवून जायचा.

माझा हात धरून म्हणाल्या, लेकासारखा आहेस रे तू. उद्या उजाडताच निघतो.

२६ जुलै, शनिवार. सकाळी अकरा

पोचलो. मी ओलांडली आणि तासाभरात मोरी वाहून गेली. आता इथून वाट नाही. ना वर, ना खाली.

सगळी एकतीस माणसं भिवाजीच्या घरात. रंभाबाईला खरं ते सांगितलं. तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, म्हंजे आमी शाळंत जेवतोय व्हय रं? काय केलंय जेवायला?

पथक निघालं असेल. नलिनीताईंनी शब्द दिलाय.

दुपारी एक

भेगेत आता भिवाजीचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. त्यानं घालून दाखवला. विहिरीचं पाणी गढूळ झालंय. आतून, खालून—

रंभाबाईच्या फोनवरून केंद्राला लावतोय. वाजत नाही. सरळ रेकॉर्ड. मी पण 'दुबार'मध्ये बोलतोय. त्या बाईसारखा. आम्ही इथंच आहोत. तेच शब्द—

अडीच

भिवाजीच्या सुनेचा, रेश्माचा फोन. तिचा नंबर यादीत नव्हता. लागला! नलिनीताईंनीच उचलला. ताई, मी निषाद, पथक कुठं आहे—

त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग म्हणाल्या, अहो, निषाद तर सकाळीच परत आलेत. आपण कोण बोलताय?

अहो. आपण. मला.

मागं शैलेश सरांचा आवाज. कोणता नंबर आहे, तोही हिरव्या ओळीत टाका. मग डब्याचं झाकण. आणि माझ्याच मोबाइलचा तो टिंग. आकडा आल्याचा. नलिनीताई तो वाचायला लागल्या, एकेक करून, सावकाश. चार. शून्य. सात—

फोन गेला. आता रेश्माचाही वाजत नाही.

तीन

झाडं हलतायत. वारा नाही.

रंभाबाईला काय सांगू. ती विचारतेय कधी येतील. पोरांना दप्तरं भरायला लावलीत तिनं, गाडी आली की उशीर नको म्हणून. मी सांगितलं निघालेत. मी पण आता त्यांच्यासारखाच खोटं—

ही वही कुणाला मिळाली तर. आम्ही बत्तीस आहोत. शाळेत नाही. उंबरदांडलाच. नावं लिहितो, म्हणजे कुणी म्हणू नये की— भिवाजी. रंभाबाई. रेश्मा. कोंडिबा. विश्राम. हेमलता. किशो