दारातून न गेलेली टेबलं

वालूर,
१४ डिसेंबर १९८६

ति. दाजी यांस,

बन्सीधरचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (मी जरा कमी, ते पुढं येईलच). अक्काचा गुडघा कसा आहे? थंडीत तिला फरशीवर अनवाणी हिंडू देऊ नका, असं हिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

दाजी, गेल्या महिन्यात आमची कचेरी गळक्या इमारतीतून नव्या जागेत आली. सामान आणल्यावर कळलं, की आमची सहा टेबलं आणि इथलं दार यांचं जमत नाही. आडवी, उभी, तिरपी करून पाहिली. (टाइपिस्ट प्रभावतीबाई म्हणाल्या, पाय कापा, आमचे साहेब अण्णासाहेब म्हणाले, पाय सरकारी आहेत.) शेवटी दोनच आत गेली. चार अंगणात लिंबाच्या झाडाखाली राहिली, आणि चौघं जण बिनटेबलाचे झाले.

मी हेडक्लार्क, म्हणून तोड काढायला गच्चीवर गेलो. समोर ज्वारी हलत होती, ऊन पाठीवर बसलं होतं. वाटलं, जागा माणसाला कशाला द्यायची? कामाला द्यावी. ज्याला जे काम, त्यानं त्या वेळी त्या जागी बसावं. आकडेमोडीला मागची शांत खोली, टायपाच्या खडखडाटाला पत्र्याची शेड, गावकऱ्यांशी बोलायला झाडाखाली जोडलेली चार टेबलं, आणि विचार करायला गच्ची, तिथं एक खाट. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, “मग माझी खुर्ची?” मी म्हणालो, “सही करताना झाडाखाली, साहेब.”

पहिले दोन दिवस सगळ्यांनाच एकाएकी विचाराचं काम निघालं. खाटेला नंबर लागले. मग मात्र बसलं सगळं. आमचा रेकॉर्डकीपर सूर्यभान अकरा वर्षं कपाटामागं बसायचा, मुका असल्यासारखा. झाडाखाली येताच असा बोलू लागला, की गावोगावची माणसं त्यालाच विचारत यायला लागली.

अशात कडूबाई आल्या. नवरा वारल्यावर शेताला नाव लावायचं म्हणून आठ महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होत्या, आणि तिकडे दीर बांध सरकवायलाच लागला होता. त्यांनी नवऱ्याचं नाव सांगितलं मात्र, सूर्यभान म्हणाला, “ही मिसल मी पाहिलीय,” आणि उठून कागदांची ती जुनी फाइल घेऊनच आला. प्रभावतीबाईंनी टाइप केलं, साहेब तिथंच होते, सही झाली. तासाभरात कागद हातात. बाई उठेचनात.

“आता कुणाकडं जाऊ?”

“घरी जा, मावशी.”

“एवढ्यातच?” म्हणाल्या, आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. सूर्यभानही रडला. साहेबांनी टोपी काढून झाडाकडं बघितलं.

त्या आनंदात मी दुपारी जरा वर गेलो. दाजी, काय स्वप्न पडलं! साऱ्या जिल्ह्यातल्या कचेऱ्यांच्या भिंती हळूच उठून निघून चालल्यात, टेबलं ज्वारीतून चरत चाललीत, आणि माणसं कणसांच्या उंचीवर बसून एकमेकांना कागद देतायत, कुणाला घाई नाही. तेवढ्यात तोंडावर सावली पडली. जिल्ह्यावरून तपासणीला अधिकारी आले होते. खाली त्यांनी हेडक्लार्क कुठं विचारलं, तर सूर्यभाननं इमानदारीत सांगितलं, “वर विचार करायलेत.”

मी डोळे न उघडता म्हणालो, “आधी काम सांगा, मग जागा देतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हुकमानं दाराची चौकट फोडली. सहाही टेबलं आत गेली. सूर्यभान परत कपाटामागं बसलाय, पण आता गप्प बसत नाही. तिथूनच ओरडून माणसांना बोलावतो. कडूबाईंनी परवा येऊन सांगितलं, दिरानं बांध मुकाट्यानं मागं घेतला. तेवढ्यावर मी सुखी आहे.

अक्काला नमस्कार, मुलांच्या पाठीवरून माझा हात फिरवा.

आपला,
बन्सीधर

ता. क. – मला सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचाय. तुम्ही तुमच्या कचेरीत वीस वर्षं सगळ्यांचे खुलासे लिहून देता, माझाही पाठवा. झोपेचा उल्लेख नको.

ता. क. २ – ‘ही कल्पना कुणाची?’ असं तपासणीच्या अधिकाऱ्यांनी दरडावून विचारलं, तेव्हा घाबरून माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. तुम्हालाही कागद येईल. दोन्ही खुलासे तुम्हीच लिहिणार, तेव्हा ते एकमेकांशी जुळतील एवढं बघा.