राणीची चार कार्डं

सौ. विहीणबाई भामाबाईंना हरणाबाईचा वाकून रामराम. (वाकून म्हंजे मनातल्या मनात, माझी कंबर तुमाला ठाऊक हाय.) औंधच्या यमाईच्या किरपेनं हिकडं समदी खुशाल : मेंढरं दोनशे अकरा, घोडी दोन, कुत्री तीन. तुमचं गुडघं काय म्हणत्यात? हळदीच्या बाजारात निवडायला बसणं अजून चालूच हाय का? खरं तर फोनच करायचा, पण ओटीभरणात आपली जुंपली तवापासनं तुमी माझा फोन उचलत न्हाईसा, आन उचललाच तर मला बोलू देत न्हाईसा. पत्राचं बरं असतंय, मधी कुणाला तोंड घालता येत न्हाई. हे पत्र राणीच्याच हातात दिलंय. तिला दारात उभी करून वाचत बसू नका. आधी आत घ्या, डाव्या कुशीवर निजवा, मग वाचा. का, ते सांगतेच.

ओटीभरणात तुमी म्हणालासा, पैलं बाळंतपण माहेरचं, पोरगी आत्ताच ठेवून घेते. म्या म्हटलं, सातवा लागंल तवा बघू, एवढी नाजूक न्हाई आमची सून. मी तीन बाळंतपणं वाटंवर केली, आन दुसऱ्या दिशी घोड्यामागं चालत हुते. त्यावर तुमी चारचौघीत इचारलंत, तुमच्या पालात डॉक्टर तरी येतो का? ते माझ्या लय जिव्हारी लागलं. कारण येतो की! पण मेंढरांचा.

कऱ्हाडच्या खाली नदीकाठाला आमचा तळ हुता. तिथं अनीश डॉक्टर फटफटीवरनं आले, पेटी उघडली, दोनशे अकराच्या दोनशे अकरा टोचून मोकळे. एका मेंढरालाबी गाव इचारलं न्हाई. त्याच दिशी राणीला आरोग्य केंद्रात नेलं, तर खिडकीतली बाई म्हणाली, राहणार कुठल्या? म्हटलं, माणच्या. हितं कुठं राहता? म्हटलं, आज लिंबाखालच्या वावरात, परवा ओढ्यापल्याड. मग तुमच्या गावच्या केंद्रात जावा, म्हणाली, नाव तिथं असणार. आवं, गाव ऐंशी किलोमीटर मागं, घराला कुलूप! मला कोडंच पडलं. परत येऊन अनीश डॉक्टरांना गाठलं आन इचारलं, मेंढराला गाव लागत न्हाई, मग माणसाला का लागतंय? लाजले बिचारे. म्हणाले, मावशी, माणसालाबी लागत न्हाई. सरकारी केंद्रात कुठल्याबी गावची बाई तपासायलाच पायजे, हक्क हाय तुमचा, ठासून सांगा. (म्या म्हटलं, मग तुमीच बघा की जरा राणीकडं. त्यांनी फटफटीला किक मारली.)

आता हक्क म्हंजे नेमकं काय ते मला अजून उमगलं न्हाई, पण ठासून सांगायला येतंय. शिवाय एक युक्ती केली. कृष्णाकाठचे बागायतदार लेंडीखतासाठी मेंढरं आपल्याच वावरात बसवायला किती मागं लागत्यात, ते तुमाला काय सांगायचं, तुमचं माहेरबी मेंढरामागचंच. एरवी आमी बदल्यात धान्य घेतो. औंदा म्या सांगितलं, धान्य राहू द्या, मेंढरं बसवायची तर आमच्या सुनंला गाडीतनं दवाखान्यात न्यायचं, आन ही आमच्याच वस्तीवर राहती म्हणून सांगायचं. इंद्रजितराव म्हणून हायती एक, मिशी एवढी, गावात दरारा एवढा, ते केसपेपर धरून दीड तास पोटुश्या बायकांच्या रांगंत उभे! पत्ता त्यांचा, नाव राणीचं, गरोदरपणाचं कार्ड मिळालं. फुडच्या गावात दुसरा बागायतदार, दुसरं कार्ड. मग तिसरं. मग चवथं. आमचं कसं, शेतकरी बदलला की नवी बोली. मला वाटलं, गाव बदललं की कार्डबी नवं. जुनं दाखवायचं असतंय हे ना मला सुचलं, ना कुणी इचारलं. पिशवीत जपून ठेवली म्या चारी, तुमाला दाखवायला. मग चार गावच्या आशाताईंचे फोन सुरू झाले : वस्तीवर आलो तर वावर मोकळं, नुसत्या लेंड्या! एक बया तर लेंड्यांचा माग काढत फुडच्या तळापत्तोर आली. सरकारच्या वहीत म्हणं राणी चार गावांत गरोदर हाय.

परवा पाचवं कार्ड करायला गेलो. तिथं मयूरी डॉक्टर म्हणून एक पोरगी हाय, राणीच्याच वयाची आसंल. तिनं पैल्यांदा इचारलं, आधी कुठं दाखवलंय का? म्या ऐटीत चारी कार्डं टेबलावर टाकली. तिनं हसत हसत ती ओळीनं मांडली, आन हसायची थांबली. रक्तदाबाचा आकडा एकेका कार्डावर बघितला तर कुणाला वावगं वाटलं नसतं. शेजारी शेजारी मांडल्यावर दिसलं, तो प्रत्येक गावाला चढत आलाय. तिनं राणीच्या पायावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. मला वाटलेलं, चालून सुजलेत. (मीच तिला म्हणायची, चाल, काय होत न्हाई.) डॉक्टर म्हणाली, आता हिनं चालायचं न्हाई. मोठ्या दवाखान्याजवळ एका जागी राहायचं, आठ दिसाला तपासायचं, डोकं दुखलं नायतर डोळ्याफुडं अंधारी आली तर घटकाभर थांबायचं न्हाई. म्या इचारलं, आन न्हाई ऐकलं तर? तिनं सांगितलं. ते मी हितं लिहीत न्हाई.

म्हणून राणीला धाडलीया. तुमचं खरं झालं असं मी लिहिणार न्हाई. सातवा लागलाय आन पैलं बाळंतपण माहेरचं ही रीत हाय, एवढंच. तुमच्या घरापासनं मोठा सरकारी दवाखाना धा मिंटांवर. गोळ्या पिशवीत हायती, कार्डं डॉक्टरनं एकत्र टाचून दिल्यात. पत्ता आता तुमचा घाला, आन तोच राहू द्या.

लहानांना माझा आशीर्वाद, आन तुमच्या गुडघ्यांना तीळतेल.

तुमची,
हरणाबाई

ता.क. : खिडकीत कुणी गाव इचारलं तर ठासून सांगा. तुमाला शिकवायची गरज न्हाई म्हणा.

आणखी एक : तीन बाळंतपणं वाटंवर केली, हे मी सगळीकडं सांगते. खोटं न्हाई ते. पण लेकरू एकच हाताला लागलं, तुमचा जावई साईराज. बाकी दोघं कुठल्या बांधाला हायती ते मला झाडासकट ठाऊक हाय, दरसाल मेंढरं तिथनंच नेते. साईराजला कधी सांगितलं न्हाई. तवाबी माझं पाय असंच सुजलं हुतं. मला लय भ्या वाटतंय, भामाबाई.

शेवटचं : हे टेंपोत बसून लिहितेय, म्हणून अक्षर हललंय. राणीला मीच आणली, पप्पूच्या गुळाच्या टेंपोतनं. मी तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच बसलीया. मेंढरं साईराज बघतोय. तुमी म्हणालासा तर बाळंतपण हुईस्तवर राहीन, हळद निवडू लागंन, भांडणार न्हाई. (एखाद्या दिशी भांडंन.) न्हाई म्हणालासा तर तशीच माघारी जाईन, मनात काय ठेवणार न्हाई. पप्पूला बाजारात गूळ उतरवायचाय, तो घाई करतोय. हाक मारायची आसंल तर जरा जोरात मारा, इंजिन चालू हाय.