घरचेच उरलो की

रवि., १२ जाने.
सुर्वेकाकांच्या पडवीत पोकर. काका बोटीवरून निवृत्त, खेळ त्यांनीच आम्हाला शिकवला. पैसे नाहीत, चिंचोके. शेवटच्या डावात ऑफिसातल्या मेघनाने पत्ते टाकले, काकांनीही. उरलो मी आणि दादा. माझ्याकडे तीन राजे, म्हणजे तगडे पत्ते. बोली वाढवली नाही, सरळ पत्ते दाखवले. मेघना म्हणाली, "माझ्यावर मात्र चिंचोक्यांचा ढीग लोटतेस. तुम्ही भावंडं मिळून खेळता." काका हसले. ती नाही.

सोम., १३
मिळून म्हणजे फसवून? ऑफिसात मेघनाने डबा वेगळा खाल्ला. आमच्या घरी रीतच ती. बाहेरचे उठले, घरचेच उरले की डाव उघडा. घरच्याला बुडवायचं नाही, हा आईचा नियम. लहानपणापासून असंच खेळलो. यात काही वावगं असेल असं कधी...

बुध., १५
काकांना गाठलं. "अगो, लबाडी नाय ती. पण चूकच. तुम्ही दोघं एकमेकांना सोडता, मग मार खायला उरलो मी नि मेघना. बोटीवर सख्खे भाऊ असले तर एकाने खेळायचं, दुसऱ्याने चहा करायचा."
रविवारी सर्वांसमोर चूक कबूल करायची, यापुढे दादालाही सोडायचं नाही.

रवि., १९
पत्ते वाटायच्या आधीच सांगून टाकलं. मेघना: "बाई, पुरे! मला हरायचंच तर तिघांकडून वेगवेगळं हरायचंय, एवढंच. आणि उद्या ऑफिसात डबा घेऊन माझ्या टेबलाशी ये." हुश्श. डोळ्यांत पाणीच आलं.
पुढे एका डावात परत मी आणि दादा. वाढवलं. अजून वाढवलं. तो बघतच राहिला. त्याच्यापुढे एकही चिंचोका उरला नाही. काका त्याला म्हणाले, "ऊठ, चहा कर आता!"
येताना दादाने स्कूटर जरा जोरातच हाणली.

सोम., २०
मेघनाबरोबर जेवले. तिने माझी सोलकढी संपवली. इतकं हलकं वाटलं!
संध्याकाळी दादाला विचारलं, रविवारी येणार ना?
"येईन. पण काल नुसत्या दोन जोड्यांवर सगळे चिंचोके लावलेस. समोर मी नसतो तर लावले असतेस?"
लावले असते, म्हटलं.
बहुतेक लावले असते.