मूळ फोटोला हात लावायचा नाही

बाबा, तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, पण माझा राग अजून गेलेला नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे वडिलांच्या आठवणीतलं गोड पत्र आलं असा तुमचा गैरसमज व्हायला नको. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आई तर अजूनही तुमचं नाव निघालं की आवाज खाली करते, जशी शनिवारी दारात तुमच्या चपलांचा आवाज आला की करायची. मी आता अकोल्यात राहतो. ज्या गावातून तुम्ही दर शनिवारी अमरावतीला यायचात आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायचात, त्याच गावात माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फोटो. तुम्ही ज्याला चिपकवाचिपकवी म्हणायचात, त्यावरच माझं घर चालतं आणि पोरगी शाळेत जाते. हे तुम्हाला ऐकवायचं राहून गेलं होतं.

आज सकाळी मूर्तिजापूरकडचे एक म्हातारे दुकानात आले. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कागद, कागदातून फोटो. त्यांच्या वडिलांचा, एकुलता एक. फोटोवर बुरशी आली होती म्हणून त्यांनी तो ओल्या कापसानं पुसला, आणि चेहरा कापसावर आला. फेटा शाबूत, खांदे शाबूत, मध्ये पांढरं. मी त्यांच्यावर जरा डाफरलोच. ते खुर्चीवर बसले आणि मग त्यांनी जे विचारलं, ते शब्द न् शब्द तुम्ही मला विचारलेलं होतं. ते गेल्यावर मी अर्धं शटर ओढलं आणि हा कागद घेतला.

आठवतं का, आपल्याकडे कॉम्प्युटर आला तो माझ्या स्पर्धा परीक्षेसाठी. आईनं त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं होतं, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तो ठेवला होता, म्हणजे ती भाकरी थापताना मी काय करतो ते तिला दिसेल. ती बघायची आणि तुम्हाला काही सांगायची नाही. मी रेल्वेच्या वेड्यांच्या एका फोरमवर होतो. देशभरातली पोरं आणि निवृत्त माणसं तिथं इंजिनांचे फोटो टाकायची, गाड्यांवर वाद घालायची. प्रत्येकाच्या लिखाणाखाली एक आडवी पट्टी असायची, इंजिनाचं चित्र आणि त्यावर त्यानं घेतलेलं टोपणनाव. मला अचलपूरच्या छोट्या गाडीची पट्टी हवी होती. कुणाकडेच नव्हती. म्हणून मी ती करायला शिकलो. एवढंच माझं पाप.

एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीत फोटो सुधारण्याचं फुकट सॉफ्टवेअर होतं. शिकवणारं कोणी नाही. पहिली पट्टी करायला मला आठ दिवस लागले. अक्षरं थेट फोटोवर लिहून जतन केली, मग नावात चूक दिसली, तर ती खोडता येईना, पुन्हा पहिल्यापासून. इंजिन कापून घेतलं तर त्याच्या कडेनं पांढरी किनार राहिली, जशी रव्यात घोळलेली मासोळी. निळ्यावर काळी अक्षरं वाचताच येईनात. थरांवर थर ठेवायचे असतात, एका थरावर इंजिन, दुसऱ्यावर आभाळ, तिसऱ्यावर नाव, हे कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, बरं झालं. फोरमवर भुसावळचे एक निवृत्त गार्ड होते, त्यांनी मला लिहिलं की बेटा, पहिला नियम, मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी त्याची नक्कल करायची आणि जे काय करायचं ते नकलेवर. मी तो नियम पाळला. अभ्यासाच्या वहीत मागच्या पानावर लिहूनही ठेवला. मग लोक मला पट्ट्या मागायला लागले. कुणाला वाफेचं इंजिन, कुणाला घाटातला पूल. मी वीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे कोणी काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती.

तुम्ही एकदा सुट्टी जोडून शुक्रवारीच आलात. पडद्यावर रेल्वेचा डबा होता, मी त्याच्या खिडकीचा डाग काढत होतो. तुम्ही मागं उभे राहिलात, हातात ती खाकी पिशवी. मला वाटलं, बघताहेत. मूर्ख होतो. तुम्ही म्हणालात, "रेल्वेत लागाचं आहे काय तुले? लाग ना मंग. पण परीक्षा देऊन लाग. हे चिपकवाचे धंदे काहून करून राहिला बे?" हे तुम्ही शेजारच्या काकूंसमोर म्हणालात, त्या विरजण मागायला आल्या होत्या आणि वाटी हातात घेऊन तिथंच थांबल्या. त्यानंतर गल्लीतली पोरं मला गार्डसाहेब म्हणायला लागली. तुम्हाला हे माहीत नव्हतं, म्हणू नका. तुम्ही ते ऐकून हसला होतात.

त्या सॉफ्टवेअरमध्ये डाग काढायचं जे हत्यार होतं, त्याचं चित्र रबरी शिक्क्याचं होतं. बाजूची चांगली जागा उचलायची आणि डागावर ठेवायची. तुम्ही ऑफिसात बडे बाबू, जन्मभर शिक्के मारलेले, शनिवारी निघण्याआधी सगळे शिक्के स्पिरिटच्या कापसानं पुसून ओळीनं लावणारे. मला वाटलं, तुम्हाला हे दाखवलं तर गंमत वाटेल. पण नुसतं हत्यार काय दाखवायचं, म्हणून मी तुमच्या आईचा फोटो निवडला. ती नागपूरहून दीक्षा घेऊन आली, त्या वर्षी परतवाड्यात काढलेला, पांढऱ्या लुगड्यातला. तुम्ही सहा वर्षांचे असताना ती गेली, आणि तिचा चेहरा तुम्हाला फक्त त्या फोटोतून ठाऊक होता. तो लोखंडी कपाटात पाकिटात असायचा. बुरशीनं तिचा एक गाल आणि उजवा डोळा खाल्ला होता. मी तो गुपचूप नेऊन स्कॅन करून आणला आणि जागच्या जागी ठेवला. मग दीड महिना बसलो. गाल झाला, कपाळ झालं, कुंकू नसलेली मोकळी जागा झाली. डोळा मात्र होईना. बाजूला उचलायला काही नव्हतंच. डावा डोळा उलटा करून लावला तर ती भुतासारखी दिसायला लागली. शेवटी मी तुमच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो स्कॅन केला आणि तुमचा डोळा कापून तिला लावला. चपखल बसला. तुमच्या तोंडावर तो कधी इतका मायाळू दिसला नव्हता, हेही लिहून ठेवतो.

तुमच्या सेवानिवृत्तीला तो मोठा करून, चौकटीत घालून द्यायचा असं मी ठरवलं होतं. तुम्ही मला परीक्षेसाठी अकोल्याला बोलावलंत, तुमच्या खोलीची किल्ली दिलीत, आणि स्वतः रजा टाकून अमरावतीला गेलात. मला त्याचंही कौतुक वाटलं होतं, की पोराला निवांत बसता यावं म्हणून खोली मोकळी केली. चार दिवसांनी घरी आलो. कॉम्प्युटरवरचं साडीचं झाकण घडी करून बाजूला ठेवलं होतं. सुरू केला तर पडद्यावर ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ, जसं नव्या मशीनवर असतं. बाकी काही नाही. तुम्ही खुर्चीवर पेपर वाचत होतात. पेपर खाली न करता म्हणालात, "साफ केला. आता अभ्यास होईन." कुणा ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून तुम्ही सगळं पुसून घेतलं होतं. तीन वर्षांच्या पट्ट्या, सगळे थर. आणि तुमची आई.

मी तेव्हा सांगू शकलो असतो. जीभ दातांखाली धरली, हे खरं. मला वाटलं, यांना आत्ता कळलं तर आत्ताच रडतील आणि मोकळे होतील. त्यापेक्षा यांना कळूच नये. असा मी तुमचा मुलगा.

निवृत्तीच्या आदल्या महिन्यात तुम्हीच तो फोटो कपाटातून काढलात. हॉलमध्ये लावायचा होता, त्यासाठी भिंतीत खिळाही ठोकून झाला होता. तुम्हाला बुरशी दिसली. तुम्हाला पुसायची सवय. मी मधल्या दारात उभा होतो, बाबा. तुम्ही कापूस पाण्यात बुडवलात तेव्हा मी तिथंच होतो. बुरशी लागलेल्या फोटोचा थर पाण्यानं सुटतो, कोरड्या ब्रशशिवाय त्याला काही लावायचं नाही, हे मला फोरमवर कधीचं कळलं होतं. मी स्वतः तिथं दुसऱ्या कुणाला तसं लिहिलं होतं. एक शब्द बोलायचा होता. मला वाटलं, मी बोललो तर तुम्ही म्हणाल, तू शिकोतं काय मले. तुम्ही म्हणाला असतातच. तरी बोलायला हवं होतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तोवर तुमच्या हातात पांढरं लुगडं उरलं होतं आणि कापूस करडा झाला होता.

तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आलात. जन्मात पहिल्यांदा तुम्ही दार वाजवून आत आलात. फोटो रुमालात होता. खुर्ची होती, पण तुम्ही कॉटच्या कडेवर बसलात आणि म्हणालात, "तू ते फोटोचं काम करत होता ना. याचं काही होते का?"

मी म्हणालो, "नाही होत. मूळच राहिलं नाही, तर कुठून आणू?"

तुम्ही मान हलवलीत. मग अचलपूरला मामेभावाकडे गेलात, चांदूर बाजारला जुन्या शेजाऱ्यांकडे गेलात, कुणाच्या लग्नाच्या फोटोत ती मागं उभी असेल म्हणून लोकांचे अल्बम चाळलेत. पाच वर्षं. मी परीक्षा सोडली, अकोल्याला निघून आलो, तरी तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत; तुमचं सगळं लक्ष तिकडं होतं. दवाखान्यातही तुम्ही परतवाड्याच्या त्या फोटोवाल्याच्या वारसांचा पत्ता कुणाला तरी विचारत होतात. तुमचा श्रद्धांजलीचा फोटो मीच केला. तो आता अमरावतीच्या हॉलमध्ये आहे, त्या खिळ्याच्या शेजारी. खिळा रिकामाच आहे. आई म्हणते, काढून टाक बापा, पुसताना हाताले लागते. मी काढत नाही.

तर त्या म्हाताऱ्यांना मी आज सांगितलं की गावात, नातेवाईकांत विचारा, कुणाकडे कधी नक्कल गेली असेल तर घेऊन या, मी करून देतो. हे सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण ते माझ्याकडे बघत राहिले.

तुम्ही मशीन साफ करण्याआधी मी आजीचा फोटो फोरमवर टाकला होता, आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. डोळा बरोबर बसला का, हे मला भुसावळच्या गार्डांना विचारायचं होतं. अकोल्याहून परत आलो, त्याच आठवड्यात सायबर कॅफेत जाऊन मी तो उतरवून घेतला. तुम्ही कॉटवर बसला होतात तेव्हा तो माझ्या पँटच्या खिशात, पेनड्राइव्हमध्ये होता. पाच वर्षं तिथंच होता. तुम्ही कधीतरी मला एकदा म्हणाल, की बेट्या, चुकलं माझं, मग देईन, असं मी ठरवलं होतं. तुम्ही म्हणाला नाहीत. मी दिला नाही.

फोटो आत्ता समोर उघडा आहे. तुमच्या डोळ्यानं ती माझ्याकडे बघते आहे. हा कागद मी दुकानाच्या खणात ठेवणार आहे. पाठवायला तुम्ही कुठं आहात, आणि असतात तर मी लिहिलंच नसतं. माझा राग अजून आहे, तो राहू द्या. पण तुम्ही विचारलं होतं, याचं काही होते का.

होत होतं, बाबा. झालेलंच होतं.